दगडावरची कोरी जागा

एकार्ट वीगांट नाकासमोर चालणारा माणूस. रस्ता पार रिकामा असला, तरी चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने लाल दिव्याला तो कधी ओलांडला नव्हता. ऱ्हाइनच्या सहलीचा कागदही त्याने आठवडाभर आधीच फ्रिजवर लावला होता. नऊ चाळीसची बोट, साडेबाराला बाकावर जेवण, दोन वाजता झाड.

झाड म्हणजे मेल्यानंतरचं. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या जंगलात हल्ली झाडाच्या मुळाशी राख पुरतात, आणि शहाणी माणसं हिंडतीफिरती असतानाच जाऊन आपलं झाड ठरवून येतात. लाल फितीचं झाड अख्खं जोडप्याला मिळतं, पिवळ्या फितीच्या झाडाखाली एकेकट्याला जागा. एकार्टला लाल फीत हवी होती. त्याची बायको रोझविता मार्चपासून ‘बघू’ म्हणत होती.

घोडं अडलं होतं योखेनपाशी. योखेन हा रोझविताचा पहिला नवरा. पंचवीस वर्षं तो गावच्या दफनभूमीत होता, आणि त्याच्या दगडावर डावीकडे त्याचं नाव होतं, उजवीकडे कोरी जागा. ती कुणासाठी ठेवलीय हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. एकार्टचं तिच्याशी लग्न होऊन वीस वर्षं झाली. दर नोव्हेंबरात तो तिच्याबरोबर जाऊन त्या दगडाचं शेवाळ घासायचा, नावाची बाजू आणि कोरी बाजू, दोन्ही सारख्याच नेटाने. आपली बायको शेवटी कुणाच्या शेजारी निजणार, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तराची त्याला भीती वाटायची.

बोट सुटली. बोटीवरचा कर्णा तीन भाषांत किल्ल्यांची नावं सांगत होता आणि एकार्ट तीच नावं चौथ्यांदा सांगत होता. रोझविता मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“डावीकडे उंदराचा किल्ला,” एकार्ट म्हणाला. “पुढे मांजराचा येईल.”

“मला किल्ले दिसतात, एकार्ट. तू मला एक सांग. योखेनच्या जागेची मुदत तू का वाढवून घेतलीस?”

त्यांच्या गावात कबरीची जागा पंचवीस वर्षांसाठी मिळते. मुदत संपली की कार्यालयाचा माणूस दगडावर स्टिकर लावून जातो, ‘कृपया संपर्क साधावा.’ कुणीच संपर्क साधला नाही, तर दगड उचलून तिथे गवत पेरतात.

“तुला कसं कळलं?”

“पत्र आलं ना मला मार्चमध्ये. आणखी दहा वर्षं. अर्जावर तुझी सही.”

“दगडावर स्टिकर होता. संपर्क साधावा म्हणून.”

“म्हणून तू साधलास.”

“कृपया लिहिलं होतं.”

समोरून कोळशाचं एक लांबलचक जहाज आलं आणि शेजारून निघून गेलं.

“तो स्टिकर मी जानेवारीतच बघितला होता,” रोझविता म्हणाली. “मुद्दाम गप्प बसले. उन्हाळ्यात त्यांनी दगड उचलला असता, आणि मला तिथे निजायचं नाही हे कुणाला सांगत बसावं लागलं नसतं. योखेनच्या बहिणीलासुद्धा नाही.”

आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही वेळेत अर्ज भरून, हे एकार्टच्या हळूहळू लक्षात आलं.

“मग तू सारखी बघू बघू का करतेस?”

“नवऱ्यानेच माझी तिथली जागा दहा वर्षं राखून ठेवल्यावर मी काय समजायचं? म्हटलं, याला एकट्याला झाड हवंय, सांगायला जड जातंय.”

“लाल फीत म्हणालो होतो की मी.”

“तू सभ्य आहेस, एकार्ट. लाल फितीचं तू शेजारच्या बाईलाही विचारशील.”

लोरेलायचा खडक आला. अख्खी बोट फोटो काढायला एका कठड्याला गेली आणि बाकावर हे दोघंच उरले. एकार्टने डबा उघडला आणि एक उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. सव्वाअकरा वाजले होते. रोझविताने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मीठ पुढे केलं.

दोन वाजता जंगलात फ्राउ ओडेनथाल वही घेऊन उभ्या होत्या. हिरवं जाकीट घातलेली वनखात्याची तरुण बाई. नदी दिसणारी लाल फितीची झाडं संपली होती. कड्यावरच्या एका बीचच्या झाडाला पिवळी फीत होती, एकाच माणसापुरती. लाल फितीचं उरलं होतं ते मागे, पाण्याच्या टाकीजवळ.

रोझविता त्या बीचखाली जाऊन उभी राहिली. खाली नदीचं अख्खं वळण दिसत होतं, समोरच्या उतारावर द्राक्षांचे मळे पिवळे पडले होते. ती तिथून हलेना.

“तुला नदी आवडते,” एकार्ट म्हणाला. “तू ही जागा घे. माझं मी बघतो कुठेतरी.”

“हा बघ, परत भरलास अर्ज, मला न विचारता.” ती त्याच्याकडे वळली. “मला काय आवडतं ते मला माहीत आहे. तुला काय हवंय?”

एकार्टने फ्राउ ओडेनथालकडे पाहिलं. त्या लगेच वहीत काहीतरी लिहू लागल्या.

“मला तू हवीस,” तो म्हणाला. “माझ्या शेजारी. योखेनच्या नको. वीस वर्षं मी तो दगड घासतोय, आणि मला तो एक दिवसही आवडलेला नाही.”

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. खालच्या वाटेवरचं एक जोडपं थांबून वर बघायला लागलं. रोझविताने हातमोजा काढला आणि त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

“टाकीजवळचं लिहा,” तिने फ्राउ ओडेनथालना सांगितलं.

“तिथून काहीच दिसत नाही हं. आधीच सांगून ठेवते.”

“बघायचंय कुणाला,” रोझविता म्हणाली. “याने आत्ता कुठे बोलायला सुरुवात केलीय.”