काकांची मांडणी

“लेयरची खिडकी कुठे गेली?” काकांनी हळूच विचारलं.

हळूच अशासाठी, की शेजारी गिऱ्हाईक बसलं होतं आणि पाठीमागे स्टुडिओचे मालक उभे होते. गिऱ्हाइकाने वारलेल्या वडिलांचा फोटो आणला होता. वडिलांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता, तेवढा काढून हवा होता. काकांना हे काम म्हणजे पाच मिनिटांचं.

“अहो काका, उजवीकडेच आहे की,” मी म्हणाले. वर हसलेसुद्धा, कारण ती तिथे मीच नेली होती.

मला आवरायची खोड आहे. आई म्हणते, ही पाहुणी म्हणून गेली तरी दुसऱ्यांची भांडी लावत बसेल. स्टुडिओत काका आणि मी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने फोटो सुधारायचो. स्क्रीनवरच्या खिडक्यांची ज्याची त्याची मांडणी ज्याच्या त्याच्या नावाने साठवलेली. काकांची उघडली की मला कसंतरी व्हायचं. ब्रश, रंग, लेयर म्हणजे फोटोचे थर, सगळ्यांच्या खिडक्या डावीकडे कोंबलेल्या, फोटोही तिकडेच सरकवलेला आणि उजवा अर्धा स्क्रीन ओसाड. एकदा विचारलं, तर म्हणाले, “उजवीकडून ऊन येतं गं.” उजवीकडे नुसती भिंत होती. पण मी विचार केला तर ना.

आदल्या दिवशी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. म्हटलं, येईपर्यंत छान लावून ठेवू, खूश होतील. एकेक खिडकी ओढून उजवीकडे ओळीत लावली आणि ‘काका’ याच नावाने साठवली. या नावाची मांडणी आधीच आहे, बदलायची का, असं मशीनने विचारलं होतं. मी बेधडक ‘हो’ दाबलं.

आता काका मान वळवून वळवून शोधत होते. गिऱ्हाइकासमोर किती वेळ शोधणार? शेवटी ब्रशचा आकार न बघताच त्यांनी अंदाजाने हात चालवला. परक्या हाताबरोबर वडिलांचा अर्धा गळाही गेला. गिऱ्हाईक जागचं उठलं. काकांचं ते मान वळवणं मालकांनी बघितलं होतं; त्यांनी वाकून काकांच्या चेहऱ्यासमोर, जरा उजवीकडे, दोन बोटं धरली.

“काका, किती बोटं?”

काका समोर बघत राहिले. मग म्हणाले, “गिऱ्हाईक जाऊ दे. मग विचारा.”

दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला होता. आम्हाला ताप म्हणून सांगितलं होतं. त्यात दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली. समोर बघितलं की डावीकडचं स्वच्छ, उजवीकडचं नाहीच. हे फक्त काकूंना माहीत होतं. तशा नजरेने ते दोन वर्षं माझ्याहून बारीक काम करत होते. पण मालकांनी धास्ती घेतली आणि आठवड्याच्या शेवटी काकांचं काम सुटलं.

फोटो मी एका बटणात पूर्ववत केला होता. मांडणी मात्र काही केल्या येईना. जितक्या वेळा परत आणायला जावं, तितक्या वेळा माझीच ती नीटनेटकी ओळ यायची.

“काका, ते मी केलं,” शेवटच्या दिवशी मी सांगितलं.

“माहीत आहे. इतकं सरळ दुसरं कोण लावणार?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या एका ‘हो’ची खंत मला अजून सोडत नाही.

पुढे मी आठवून आठवून त्यांची मांडणी पुन्हा लावली. तीन महिन्यांनी काका कुठल्याशा कार्डासाठी फोटो काढायला काकूंबरोबर आले, तेव्हा मी त्यांना ओढतच कॉम्प्युटरपाशी नेलं. ते खुर्चीत बसले. स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं.

“ब्रश वर होता. रंग त्याच्या खाली.”

मी खिडक्या हलवल्या आणि साठवायला गेले. मशीनने पुन्हा तोच प्रश्न विचारला. माझा हात थांबला.

“दाब की,” काका म्हणाले. “आता बरोबर आहे.”

मी दाबलं. त्यांनी उठून खुर्ची नीट टेबलाखाली सारली. मालक काउंटरवरून “या काका” म्हणाले, तेव्हा काकांनी आवाजाच्या दिशेने मान डोलावली. काकू त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघं दाराकडे निघाले.