तेलात घासलेला तुकडा

माझे सासरे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. घरात असो की कामावर, त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नाही. मी काढते. म्हणून सासूबाई लाडाने आणि नणंद रागाने मला 'तोफ' म्हणतात.

त्या आठवड्यात कचरा जाळून वीज तयार करणाऱ्या कारखान्यातून फुटलेल्या बॉयलरच्या पाइपचा तुकडा आला. निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, लालबुंद तापला तरी टिकावा म्हणूनच बनवलेला. कारखान्याचं म्हणणं, ऑपरेटरने बॉयलर नको तितका तापवला. आमच्या अहवालात तसं आलं की त्याची नोकरी जाणार होती.

आमच्या रीतीप्रमाणे मी तुकडा पाणी सोडत घासला, पाण्याने धुतला, केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा काढला आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात अणूंच्या रांगा दिसतात. धातूच्या कणाकणांमधल्या सीमेवर मला खड्डे दिसले, नुसते रिकामे, अति तापल्यावर पडतात तसे. पण कडेचं क्रोमियम खाऊन कोणीतरी पसार झालं होतं. कचऱ्यातल्या प्लास्टिकमधला क्लोरीन हे उद्योग करतो, आणि त्याचा क्षार पाण्यात विरघळतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोराला मागच्या दाराने आपणच बाहेर सोडायचं आणि मग घरात चोर नव्हताच म्हणायचं!

त्याच पाइपचा दुसरा तुकडा कापून मी थेंबभरही पाणी न लावता तेलात घासला. त्याच सीमेवर क्लोरीन ठाण मांडून बसला होता.

पाण्याची पद्धत सासऱ्यांनीच घालून दिलेली. "हा क्लोरीन तुझ्या तेलातला असेल," ते म्हणाले. शंका रास्त होती. मी त्याच तेलात कोरा पाइप घासून दाखवला. त्यात क्लोरीनचा मागमूसही नव्हता. तरी ते ऐकेनात.

"अहवाल ठरलेल्या पद्धतीचाच जाईल."

"मग माझ्या सहीशिवाय जाईल."

जेवताना नवरा हळूच म्हणाला, "बाबा निवृत्त होतायत गं. थोडा दम धर ना."

"दम त्या ऑपरेटरने धरायचा का? घरी बसून?"

सासरे जेवण अर्धं टाकून उठले. सासूबाईंनी न विचारताच मला आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर आला, सोबत तो ऑपरेटर. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेला. मॅनेजरला घाई होती. "तेलात एक दिसतं, पाण्यात दुसरं. आम्ही खरं काय मानायचं?"

"ठरलेली पद्धत," सासरे म्हणाले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग हाही तुकडा पद्धतीत बसवते." तेलातला तुकडा कोरड्या डबीतून काढला आणि कोपऱ्यातल्या नळाखाली धरला. माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. रागापुढे मला काही सुचत नव्हतं. मी दुसऱ्या हाताने नळ पकडला.

सासरे खुर्ची ढकलून धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, पाणी नको! सगळं वाहून जाईल!"



"काय वाहून जाईल, सर?" मी विचारलं.

त्यांनी मनगट सोडलं. चेहरा पांढराफटक पडला होता. ते मॅनेजरकडे वळले. "पाइप क्लोरीनने खाल्लाय. या माणसाचा दोष नाही." हे बोलणं त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरंच माया वाटली.

ऑपरेटर उठला. मला वाटलं, आभार मानेल. "माझ्या आधीच्या ऑपरेटरलाही असंच काढलं," तो म्हणाला. "त्याचाही पाइप तुमच्याकडेच आला होता, मॅडम."

"ते प्रकरण कधीच बंद झालंय," मॅनेजर म्हणाला.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"बंद तुमच्यासाठी," मी मॅनेजरला म्हटलं. "त्याचा उरलेला पाइप कुठे आहे?"

"स्टोअरच्या मागे, शेडमध्ये," ऑपरेटरने सांगितलं.

मी करवत पिशवीत टाकली.

"तुम्हाला तिथे बोलावलंय कोणी?" मॅनेजर तडकला.

"कोणी नाही," मी म्हटलं. "तरी येतेय."