महाराजांचं नख

खर्ड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर, अमावास्येच्या सकाळी, चाळीसेक माणसं एका मुंगीकडे टक लावून बसली होती. पळसाच्या पानावर बाळंतीण रुपालीच्या दुधाचे चार थेंब होते. अजिनाथ महाराजांनी अंगठ्याच्या लांबलचक नखात मुंगी उचलली आणि थेंबाच्या काठाला ठेवली. मुंगी दोनदा वळली, पाय झाडले आणि निपचित पडली.

"इख हाय दुधात. अजून उतरलं न्हाई," महाराज म्हणाले आणि त्यांनी शेजारचा दुधाचा पेला तोंडाला लावला.

आक्काबाईंनी मांडीवरची नात जवळ ओढली. पोर अठरा दिवसांची. छातीला लावली की दोन घोट ओढायची, टचटच आवाज करत सुटायची आणि रडायची. सुनेच्या, रुपालीच्या, छातीला चिरा पडल्या होत्या. रडताना पोरीची जीभ वर उचलली जायची नाही, टोकाला बदामासारखी खाच दिसायची. उपकेंद्राच्या दमयंती सिस्टरांनी जामखेडला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. पण महाराजांचं निदान जास्त भरघोस होतं.

हे महाराज पूर्वी सुप्याला कारखान्यात होते. तिथं मशीनचं काही कळेना म्हणून ते माणसांकडे वळले. आल्याआल्या त्यांनी एकच विचारलं होतं, "पाचवीला सटवाईपुढं ठिवलेला पेन चालत हुता का?"

आक्काबाईंना घाम फुटला. पोरीचं नशीब लिहायला त्यांनी कोरा कागद ठेवला होता, पण पेन ओंकारचा, त्यांच्या लेकाचा, जुनापाना. रिफिल संपलेली. पाचवीचा पेन कुणाच्याच घरी कुणी चालवून बघत नाही, त्यामुळे महाराजांचा हा प्रश्न गावोगाव हमखास लागू पडायचा. देवी रात्रभर कोरड्या रेघोट्या ओढत बसली आणि जाताना रागानं पोरीची जीभ बांधून गेली, असा निकाल लागला. देवीनं शेजारून दुसरा पेन का मागितला नाही, हे कुणाला सुचलं नाही.

उपाय ठरला. तीन दिवस आईचं दूध बंद, नुसतं साखरपाणी. अमावास्येच्या भर दुपारी महाराज आपल्या नखानं जिभेखालची गाठ तोडणार.

पहिल्या दिवशी नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती नुसती कण्हत होती. आज ती गप्प होती, आणि जमलेली माणसं म्हणत होती, गुण येतोय. दुपटं सकाळपासून कोरडं होतं. आक्काबाई ते पुन्हा पुन्हा चाचपत होत्या.

दमयंती सिस्टर आल्या तेव्हा सावल्या पायाशी आल्या होत्या. त्यांनी पोरीची टाळू चाचपली, ओठ पाहिले आणि चेहरा तसाच ठेवला. रुपालीला त्या हळूच म्हणाल्या, आत जाऊन दूध वाटीत काढ आणि चमच्यानं पाजायला घे. आक्काबाई आडव्या आल्या नाहीत.

मग सिस्टर भक्तिभावानं महाराजांपुढं बसल्या. "महाराज, गाठ तोडायच्या आधी एकदा माझ्यासमोर परीक्षा होऊ द्या." त्यांनी नव्या पानावर चार थेंब टाकले. महाराजांनी मंत्र पुटपुटत नखात मुंगी उचलली. मुंगी मेली.

"बघा. जहाल इख."

"हे तुमच्या पेल्यातलं दूध आहे," सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासून दोन पेले झालेत म्हणे तुमचे. तब्येत बरी आहे ना?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आक्का, आता रुपालीचं दूध घ्या. मुंगी तुम्ही ठेवा. काडीनं."

बाईच्या हातानं इद्या बाटते, महाराज म्हणाले. आक्काबाईंनी नातीच्या कोरड्या दुपट्याकडे पाहिलं आणि काडी उचलली. मुंगी थेंबाला तोंड लावून बसली. थोड्या वेळानं भिंतीकडून तिच्या चार बहिणी आल्या.

सिस्टरांनी महाराजांचं मनगट धरून ओला कापूस नखाखाली फिरवला. त्यावर पांढरी भुकटी आली. शेजारच्या कडूबाईंनी लांबूनच नाक मुरडलं. "ही तर मुंग्या मारायची पावडर. आमी तुरीच्या पोत्याभवती टाकतो."

आक्काबाई त्या नखाकडे पाहत राहिल्या.

"हेच नख," त्या म्हणाल्या, "माज्या पोरीच्या तोंडात जानार हुतं."

गर्दी पांगायच्या आत महाराजांची मोटारसायकल सुरू झाली. त्यांना कुणी अडवलं नाही. ते नख अजून जिल्ह्यात कुठंतरी फिरतंय.

जामखेडला डॉक्टरांनी आधी पोरीचं सुकलेपण सावरलं. मग तिला आईकडे धरून ती कशी ओढते ते पाहिलं, आणि जिभेखालचा ताणलेला पातळ पडदा निर्जंतुक कात्रीनं जरासा कापला. रक्ताचे दोन थेंब आले. लगेच छातीला लावली. टचटच आवाज थांबला. असा पडदा पुष्कळ बाळांना असतो, डॉक्टर म्हणाले, कित्येकांना नीट धरून पाजलं की पुरतं, कापावं लागतच नाही. पण ते तपासून ठरवायचं असतं, आणि दूध मात्र बंद करायचं नसतं.

पुढच्या महिन्यात कडूबाईंच्या घरी पाचवी झाली. आक्काबाई बायकांना म्हणाल्या, "सटवाई पुजा, मी न्हाई म्हनत न्हाई. पन लेकरू पीत नसंल तर त्याचं तोंड डॉक्टरला दावा. आन् आईचं दूध तोडायला सांगल त्याला दारातच इचारा, का म्हनून. उत्तर देता आलं न्हाई तर चहाबी देऊ नगा."

त्याच दिवशी सिस्टर नातीचं वजन करायला आल्या. काटा तीन किलोच्या पुढं गेला. आकडा लिहायला आक्काबाईंनी स्वतःचा पेन पुढं केला. देण्याआधी तो तळहातावर ओढून पाहिला.