माझा तिसरा रकाना

मी एक जुनी फाइल आहे, मित्रांनो. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. एका रुग्णालयाच्या वेबसाइटवरचे प्रत्येक वाक्य माझ्या पोटात आहे. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात आपली भाषा आणि तिसऱ्यात एक छोटीशी खूण. त्या खुणेचा मला फार अभिमान होता. आज मात्र तोंड उघडले की कडूच शब्द येतात, त्याला माझा इलाज नाही.

मला घडवले आता निवृत्तीला आलेल्या मोठ्या सिस्टरांनी. त्यांची एक सवय होती. भाषांतर झाले की त्या लिफ्टवाल्या काकांना बोलावत, वाक्य मोठ्याने वाचत आणि विचारत, "सांगा काका, आता काय करायचं?" काकांनी बरोबर सांगितले तरच तिसऱ्या रकान्यात खूण पडे. एका वाक्यासाठी तर दोघांनी अख्खी दुपार घालवली: 'रक्त तपासणीआधी बारा तास काही खाऊ नका, रक्तदाबाची गोळी मात्र पाण्याबरोबर घ्याच.' सहा वर्षे मी इमानेइतबारे काम केले. रुग्ण म्हणत, "इथलं लिहिलेलं कळतं बाई." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग वेबसाइट नवी करायचे ठरले आणि भाषांतराचे टूल निवडायला बैठक भरली. रुग्णालयाच्या साहेबांपुढे तीन टूल मांडली गेली. जमलेल्यांपैकी एकानेही त्यांनी केलेले एक वाक्य वाचले नाही. कुठले टूल दिसायला देखणे, याचीच चर्चा! सिस्टरांना तर बोलावलेच नव्हते. साहेबांना आवडलेले टूल भाषांतर स्वतःच करी, चौकटीत मावेल तेवढेच ठेवी आणि शेवटी हिरव्या रंगात 'शंभर टक्के पूर्ण' असे दाखवी.

प्रोग्रामर बाई म्हणाल्या, "साहेब, यात तपासल्याची खूण ठेवायला जागाच नाही. जुनी वाक्यंही वेबसाइटवरून पुसली जातील."

"अहो, शंभर टक्के दिसतंय ना? मग खूण कशाला हवी?" साहेब म्हणाले. लगेच सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. शी!

मला 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलले. माझे ते लांब वाक्य टूलने नव्याने केले आणि चौकटीत मावेना म्हणून त्याचे शेपूट छाटले. उरले फक्त 'बारा तास काही खाऊ नका.' आणि वर तोच हिरवा रंग. मित्रांनो, त्या रंगाची मला शिसारी येते.

पुढच्याच महिन्यात लिफ्टवाल्या काकांची रक्त तपासणी होती. त्यांना रक्तदाबाचा जुना त्रास. त्यांनी मोबाइलवर सूचना वाचली, गोळी घेतली नाही आणि तपासणीच्या रांगेतच चक्कर येऊन पडले. कपाळाला पाच टाके पडले. साहेब म्हणाले, "टूलमध्ये काही दोष नाही. लोकच नीट वाचत नाहीत." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

सिस्टर धावत आल्या. काकांच्या खाटेशी बसून त्यांनी मला उघडले. "अहो काका, हे तर आपण दोघांनी बसून केलं होतं. विसरलात?"

"विसरलो नव्हतो, सिस्टर," काका म्हणाले. "पाठ आहे मला. पण नवीन लिहिलंय म्हटल्यावर वाटलं, मोठ्या माणसांनी विचार करूनच बदललं असेल."

ते एक वाक्य आता दुरुस्त झाले आहे. बाकीची चारशे तशीच आहेत, हिरवीगार. मित्रांनो, उद्या तुम्हीही असले टूल निवडायला बसाल. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण निवडण्याआधी त्यातले एक वाक्य कुणा काकांना वाचून दाखवा आणि आता काय करायचे, ते त्यांनाच विचारा.