मूठभर गूळ खाल्लेला सांधा

मी बोलतोय, पांडेसऱ्याच्या खाडीपुलातला सांधा. पुलाचे दोन मोठे स्लॅब शेजारी-शेजारी ठेवले की मधे वीतभर फट राहते ना, ती मी भरून काढतो. पण म्हणून मला किरकोळ समजू नका हं!

मी साधं काँक्रीट नाही. माझ्यात खडी नाही, पाणी अगदी बेताचं आणि केसासारख्या पोलादी तारा मात्र भरपूर. इंजिनियर लोक मला यूएचपीसी म्हणतात. ताकदीत मी नेहमीच्या काँक्रीटच्या कितीतरी पुढं.

माझ्या जन्माच्या दिवशी मिक्सरला कुंकू लागलं, नारळ फुटला. तेवढ्यात मजुरांच्या टोळीतल्या उषाबाईंनी मूठभर गूळ हळूच मिक्सरमध्ये टाकला. मायेनंच टाकला हो, पण गोड आणि सिमेंट यांचं अजिबात पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर वैशालीताईंनी मला खिळा टोचून पाहिला. खिळा सरळ आत! मी अजून मऊच होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकादम योगराज कडाडला, "फोडून काढा याला! आणि ही अख्खी टोळी आजपासून घरी!"

उषाबाई पुढं आल्या. आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "ताई, गूळ मीच टाका. नवा जीव शे, तोंड गोड करो म्हनं. टोळीले काढू नका, माले काढा."

वैशालीताईंनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "योगराजभाऊ, जरा थांबा. गुळानं सिमेंट सुस्तावतं, पण गूळ थोडा असेल तर मागाहून घट्ट होतं. झाकून ठेवा याला. नमुना तपासू, मग काय ते ठरवू."

मला झाकलं. आत मी सगळा जोर लावत होतो. उषाबाई जाता-येता म्हणायच्या, "घट्ट व्हय रे भाऊ, घट्ट व्हय!"

आणि झालो की! योगराजनं हातोडी मारली, ठण्ण! पुढं प्रयोगशाळेत माझा नमुनाही पास झाला. हुश्श! जीव भांड्यात पडला. योगराजनं उषाबाईंना चहाला बसवलं.

आता पूल सुरू झालाय. माझ्यावर डांबर आहे. परवा उषाबाई रिक्षातून आल्या आणि पुलावर बाहेर वाकून मला शोधू लागल्या. "हळू चालव रे भाऊ, आठेच कोठेतरी सांधा शे."

गुजराती रिक्षावाला हसला. "मासी, रस्तो तो माखण जेवो छे!" लोण्यासारखा रस्ता, म्हणे!

पूल संपला, पण एकही हिसका बसला नाही, त्यामुळे त्यांना मी सापडलोच नाही. रिक्षात त्या पदर डोळ्याला लावून हसत होत्या. तुम्हीही इथून गेलात तर मला शोधू नका बरं. निवांत जा.