एकटीचं पाणी

मी पाण्याचा मीटर बोलतोय. मेकनेस शहरातल्या एका अरुंद गल्लीत, घराच्या दारामागच्या भिंतीत मला बसवलंय. पाणी जातं, मी आकडा पुढे सरकवतो, यापलीकडे मला काही येत नाही. तोंड असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो का? खात्री नाही, आणि तेच मनाला खातं.

हे घर शकीबनं स्वतःच्या नावावर घेतलं आणि आईला, लल्ला घीताला, इथे ठेवलं. तो बायकामुलांसह दूर तांजियर शहरात. ईदला यायचा, कधीकधी तेही नाही. म्हातारीला पाणी लागून लागून किती लागणार? नमाजाआधी हातपाय धुणं, चहाची किटली, खिडकीतला पुदिना. घरपट्टी मात्र दर वर्षी स्वतः जाऊन भरायची. शकीबला त्रास नको, म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. शकीबला लगेच गिऱ्हाईकही मिळालं. घरपट्टीची बाकी नव्हती, पण विक्रीच्या नफ्यावर कर होता. मालक स्वतः पाच वर्षं त्या घरात राहिला असेल तरच तो माफ, असं नोटरीनं सांगितलं.

"मावशी, एवढंच सांगायचं, की मी आईजवळ राहत होतो," शकीब दारात उभा राहून शेजारच्या हाज्जा तुद्दाला विनवत होता.

"राहत होतास? अरे वा! मग मला कसा दिसला नाहीस कधी? जिन्न होतास की काय?"

"कर भरला तर तिकडच्या फ्लॅटचे हप्ते थकतील गं. बँक माझं घर काढून घेईल."

तुद्दा म्हणाली, "सांगेन. तुझ्यासाठी नाही हं, घीतासाठी. गल्लीभर सांगत फिरायची, काल रात्री शकीब येऊन गेला, तुम्ही सगळे झोपला होतात. तिला मी कधी खोटी पाडली नाही. आता तरी कशाला पाडू?"

करखात्याचा माणूस आला. तरुण होता, उन्हानं घामाघूम. त्यानं पाण्याची बिलं चाळली, माझी काच बोटानं पुसून आकडा पाहिला.

"दोन माणसांना एवढंसंच पाणी?"

शकीबचा चेहरा खर्रकन उतरला. खरं काय ते माझ्या पोटात होतं, पण मी मुका.

"पुरुषमाणूस बाहेर सार्वजनिक हमामात आंघोळ करतो, साहेब," तुद्दा ठसक्यात म्हणाली. "तुम्ही काय बादलीत करता?"

साहेब हसला. कागदावर सही केली आणि शकीबचा हात दोन्ही हातांत धरला.

"खरं सांगू? आजकाल आईजवळ कोण राहतं? माझी आई तिकडे ताज़ा गावात एकटी असते. जाईन जाईन म्हणतो आणि जात नाही. तुम्हाला बघून लाज वाटली मला."

एवढं बोलून त्यानं तिथेच, माझ्याजवळच्या भिंतीला टेकून, फोन लावला. "यम्मा, मी बोलतोय. नाही गं, काही झालं नाही. शुक्रवारी येतो. अगं, खरंच येतो!"

शकीबनं मान वर केली नाही. कर दुप्पट भरावा लागला असता तरी त्याला एवढं जड गेलं नसतं. साहेब गेल्यावर तो उंबऱ्यावरच बसला.

"मावशी, मी रात्री येऊन गेलो असं आई सांगायची, तेव्हा... मी काय आणलं म्हणायची?"

"संत्री," तुद्दा म्हणाली. "दर वेळी संत्री. आणि त्यातली दोन मला द्यायची."

"कुठून आणायची ती?"

"कोपऱ्यावरून. मला ठाऊक होतं. तरी मी म्हणायचे, शकीबनं गोड आणलीत हो."

आता या घरात सहा माणसं राहतात. दिवसभर नळ चालू असतो आणि माझं चाक थांबत नाही. तुमच्या दारामागेही माझा एखादा भाऊबंद असेल, तुमच्या आईच्या दारामागे तर असेलच. तिकडे गेलात की हातपाय धुवा, चहा मागा, वाटलं तर भांडी घासा. त्याचा आकडा थोडा जास्त पळू द्या.