चार मिनिटं सदतीस सेकंदांवरची रिकामी जागा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी गोपिका पांढरीपांडेने एका डिस्चार्ज समरीतला एक आकडा पुसला आणि त्या जागी रेघ ओढली.

पुसलेला आकडा पाच होता. पाच मिलिग्रॅम, रक्त पातळ करणारी गोळी, रोज रात्री एक. रुग्ण गणपतराव लाखे, वय सहासष्ट, हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त, आठ वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली. शनिवारी नाकातून रक्त वाहू लागलं आणि थांबेना, म्हणून भरती झाले. मंगळवारी सुट्टी मिळणार होती. हे सगळं डॉ. अनिश वझलवारांनी राउंड घेता घेता मोबाइलमध्ये बोलून ठेवलं होतं आणि सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. फक्त गोळीचा आकडा त्यांनी लिफ्टमध्ये शिरताना सांगितला. चार मिनिटं सदतीस सेकंदांवर लिफ्टमधली ध्वनिमुद्रित बाई 'दार बंद होत आहे' म्हणाली. तिचं संपलं तोवर डॉक्टर 'मिलिग्रॅम'वर पोचले होते.

मग पाच लिहिला कोणी? मशीनने. दीड वर्षापासून डॉक्टरांचा आवाज आधी मशीन ऐकत होतं आणि कच्चा मसुदा तयार करत होतं. माणसांनी तो ऐकून तपासायचा, एवढंच काम उरलं होतं. रुग्णालयांच्या समऱ्या टाइप करून देणाऱ्या कंपनीच्या मिहानमधल्या कचेरीत एकेकाळी चाळीस जण कानाला हेडफोन लावून बसायचे, आता सहा बसत. मशीनला एखादा शब्द कळला नाही, तर ते तसं कबूल करत नसे. रुग्णाची मागची नोंद उघडून त्यातला शब्द आणून बसवत असे. गणपतरावांची मागची नोंद एप्रिलमधली होती. तिच्यात पाच होता.

गोपिकाने ती जागा अकरा वेळा ऐकली. पायाखालचं पेडल दाबून मागे नेली, वेग निम्मा केला, लिफ्टच्या बाईचा आवाज जमेल तेवढा खाली आणला. आकडा हाती लागला नाही. मग तिने हेडफोन काढून शेजारच्या पिंकीकडे दिला.

याला त्यांच्यात दुसरा कान म्हणत. बावीस वर्षांपूर्वी वर्धा रोडवरच्या दोन खोल्यांत हे काम सुरू झालं, तेव्हापासूनची ही रीत. ज्याला हेडफोन द्यायचा त्याला आपण काय ऐकलं ते सांगायचं नाही आणि पडदाही दाखवायचा नाही. आधी डोळ्यांनी पाहिलं की कान तेच ऐकतो, हे त्या सगळ्यांनी स्वतः ठेचा खाऊन शिकलेलं होतं. पिंकी निखाडेने खुर्ची भिंतीकडे फिरवली, डोळे मिटले, चार वेळा ऐकलं.

"मले तं लिफ्टवाली बाईच आयकू येते, ताई," ती म्हणाली. "डॉक्टर बोलते, पण काय बोलते ते देवाले माहीत. इतकं गोड कोण बोलते वं दार लावाले?"

गोपिकाने रेघेशेजारच्या शेऱ्याच्या चौकटीत टाइप केलं : '४:३७, लिफ्टचा आवाज, आकडा ऐकू येत नाही, दोघींनी ऐकलं.' पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. रिकाम्या जागेसाठी टीम लीडरची परवानगी हवी होती.

लाल पट्टी येणार हे तिला ठाऊक होतं. महिन्याला तीन रिकाम्या जागा माफ होत्या. चौथी पडली की नाव पुनर्विचाराच्या यादीत जाई आणि यादी तीस तारखेला पुण्याच्या मुख्य कचेरीत. त्या यादीतून परत आलेलं कोणी नव्हतं. गोपिकाच्या तीन झाल्या होत्या आणि आज सव्वीस तारीख होती. नंदनवन वस्तीतलं घर तिच्या पगारावर चालत होतं. तिच्या नवऱ्याला, वसंतरावांना, गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच घरी बसवलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी तिच्या कानाला दुसरीकडे कोण विचारणार होतं?

सव्वादहाला टीम लीडर अंकित राऊत आला. अठ्ठावीस वर्षांचा, बोलायला नरम, सगळ्यांना मॅडम म्हणणारा. येण्याआधी त्याने आपल्या टेबलावर मशीनचा मूळ मसुदा उघडून पाहिला होता. त्याने गोपिकाचा हेडफोन लावला, एकदा ऐकलं आणि मान डोलावली.

"पाच आहे न, मॅडम. स्पष्ट आहे."

"तू मसुदा पाहून आलास?"

"हो. मग?"

"मग तुला सात सांगितले असते तर सात ऐकू आले असते."

पिंकी खुदकन हसली आणि लगेच आपल्या पडद्यात डोकं घालून बसली. अंकितने राग धरला नाही. समोरची खुर्ची ओढून तो समजावायला बसला. माणूस तोच, गोळी तीच, डॉक्टर तेच. एप्रिलमध्ये पाच, तर आता पाचच असणार, असं त्याचं म्हणणं होतं. गोपिकाने त्याला समरीतला तिसरा परिच्छेद वाचायला लावला. भरती करताना रक्त नको तितकं पातळ झालेलं होतं, तीन दिवस ती गोळी बंद ठेवली होती. ज्या गोळीने माणूस इथवर आला ती डॉक्टर तेवढीच परत देतील का?

"मग कमी करून लिहा," अंकित म्हणाला. "तीन लिहा. तुम्हाला इतकं समजते तर."

"मला समजतं म्हणूनच लिहीत नाही. मी डॉक्टर नाही, बापा. पाच मी ऐकला नाही आणि तीनही ऐकला नाही."

"चौथी आहे तुमची या महिन्यात."

"मोजता येतं मला."

अंकित घड्याळ पाहत उठला. रुग्णालयाला समरी साडेअकरापर्यंत द्यायची होती.

तो गेल्यावर गोपिकाने पुढची फाइल उघडली, पण पेडलवर पाय ठेवला नाही. घरी तिच्या ओट्यावर एक मिक्सर होता. नऊ वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मिळालेला, वर्षभर एकही रिकामी जागा न ठेवल्याबद्दल. टाळ्या पडल्या होत्या, फोटो निघाला होता. त्या वर्षी तिने किती जागा मागच्या नोंदी पाहून भरल्या, ते कोणी विचारलं नाही. तिने मात्र एका आठवड्यात बसून आठवल्या तेवढ्या मोजल्या. बत्तीस भरल्या. एकाही रुग्णालयातून तक्रार आली नाही, म्हणजे बत्तीसही बरोबर निघाल्या, असंच सगळे समजत होते. तिला झोप लागली नाही ती त्यामुळेच. तक्रार आली असती तर कोणती चुकली ते कळलं तरी असतं. त्यानंतर तिने ऐकल्याशिवाय एकही अक्षर लिहिलं नव्हतं. मिक्सर अजून चालत होता आणि दर सकाळी चटणी वाटताना तिला बत्तीस आठवत होते.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी रुग्णालयातून वेदिकाचा फोन आला. वेदिका तिथे डिस्चार्जच्या खिडकीवर बसायची. अंकितने फोन स्पीकरवर टाकला आणि गोपिकाला जवळ बोलावलं. तिने स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून. वेदिका वैतागलेली होती. लाखे आजोबांचा बेड दुसऱ्याला दिला होता, आजोबा पिशवी मांडीवर घेऊन कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसले होते, त्यांची मुलगी चारदा खिडकीशी येऊन गेली होती. एक कागद पाठवायला तुम्हाला दोन तास काहून लागतात, असं वेदिकाने विचारलं. डॉक्टर केसमध्ये, म्हणजे ऑपरेशनमध्ये होते, दोनपर्यंत बाहेर येणार नव्हते. आत नर्सकडून विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, मागचंच टाका.

अंकितने गोपिकाकडे पाहिलं. घ्या, झालं तुमचं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मसुदा तपासणाऱ्या संपादकाने रुग्णालयाशी बोलायचं नाही, हा कंपनीचा नियम होता. सगळे फोन रेकॉर्ड होत. गोपिका फोनवर वाकली.

"मी ही समरी तपासणारी बोलते. मागचं म्हणजे कोणतं? एप्रिलमधलं की भरती व्हायच्या आधीचं की वॉर्डात चालू होतं ते? वॉर्डात तर गोळी बंद होती."

पलीकडे वेदिकाने कागद चाळल्याचा आवाज आला.

"ते मला नाही माहीत," वेदिका म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

"नर्सला?"

"तिलाही नसेल."

"मग ऐका. समरीत त्या गोळीपुढे रेघ असेल. ती माझी चूक नाही, तो आकडा कोणाला ऐकूच आलेला नाही. लाखेंच्या मुलीला सांगा, आकडा डॉक्टरांच्या तोंडूनच घे. दुसऱ्या कोणाच्या नको, माझ्याही नको."

अंकितने फोन बंद केला. हे त्याला वर कळवावं लागेल, असं तो अतिशय शांतपणे म्हणाला. कळव, असं गोपिकाही तितक्याच शांतपणे म्हणाली. मग ती जागेवर गेली आणि शेऱ्यात आणखी एक ओळ घातली : '१०:५८, नर्स व खिडकीमार्फत निरोप – मागचंच टाका. कोणतं मागचं, ते सांगितलं नाही.'

सव्वाअकराला अंकित परत आला. त्याच्याकडे एक मार्ग होता. टीम लीडरला कोणतीही जागा स्वतः भरता येत होती.

"मी भरतो," तो म्हणाला. "तुमच्यावर काही येणार नाही. चौथी पडणार नाही, यादीत नाव जाणार नाही. डॉक्टर सही करताना पाहतीलच."

"ते पाहत नाहीत. तुला माहीत आहे. बारा समऱ्यांवर एका बोटात सही करतात. रेघ दिसली तरच बोट थांबतं."

"तरी मी भरतो."

गोपिका उठली. खुर्ची त्याच्यासाठी मागे ओढून धरली. "बस. तुझ्या नावाने भर. समरीवरून माझं नाव आधी काढ."

अंकित बसला. तिचं नाव काढून आपलं घातलं. रेघ खोडून पाच टाइप केला. लाल पट्टी गेली आणि तिच्या जागी एक छोटी चौकट आली. तिच्यात एकच ओळ होती आणि पुढे खूण करायला रिकामा चौकोन : 'मी हा भाग स्वतः ऐकला आहे.' ही चौकट तो रोज दहावीस वेळा पाहत असे आणि न वाचता टिचकी मारत असे. आता त्याच्या मागे गोपिका उभी होती, आणि पिंकीने टाइप करणं थांबवलं होतं.

त्याने हेडफोन लावला. पुन्हा ऐकलं. या वेळी पिंकीसारखे डोळे मिटून. दोनदा, तीनदा. मग हेडफोन मानेवर सरकवला.

"आता पाच नाही येत ऐकू," तो म्हणाला.

त्याने वळून गोपिकाकडे पाहिलं.

"हे तुम्ही मुद्दाम केलं, मॅडम."

"हो," गोपिका म्हणाली.

त्याने पाच पुसला, रेघ परत ओढली, आपलं नाव काढून तिचं घातलं आणि परवानगीचं बटण दाबलं. अकरा वाजून एकोणतीस मिनिटांनी समरी रुग्णालयाकडे गेली, रेघेसकट आणि दोन शेऱ्यांसकट. गोपिकाच्या नावापुढे तीनाचा चार झाला. पुण्याला दोन ओळींचं पत्र जायचं होतं, चौथी रिकामी जागा आणि रुग्णालयाशी थेट बोलणं. अंकितने ते आपल्या टेबलावर बसून लिहिलं. पाठवण्याआधी तिला वाचायला दाखवलं. तिने 'ऐकण्यात कसूर' हे शब्द काढायला लावले.

"कसूर नाही झाली. ऐकलं तेवढं लिहिलं, असं लिही."

त्याने तसं लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.

शिफ्ट दोनला संपली. कंपनीची बस दोन वाजून वीस मिनिटांनी सुटत असे. पिंकीने खिडकीजवळची जागा धरून ठेवली आणि दोनदा फोन केला. गोपिका जागेवरच बसून होती. पर्स खांद्याला, डबा हातात, पडद्यावर लाखेंच्या समरीची नोंद उघडी. अकरा एकोणतीस, रुग्णालयाला मिळाली. अकरा एकेचाळीस, वेदिकाच्या खिडकीवर उघडली. त्यापुढे अडीच तास काही नव्हतं.

पिंकी बसमधून उतरून वर आली. बस गेली तर गेली, रिक्षाने जाऊ, असं दारातूनच म्हणाली. मग जवळ येऊन पडद्यात डोकावली.

"भरलं का वं, ताई?"

नोंदीत नवीन ओळ आली होती. दोन वाजून एकतीस मिनिटांनी डॉ. वझलवारांच्या मोबाइलवर समरी उघडली गेली होती. सहीची ओळ त्याखाली येते. ती अजून आलेली नव्हती. त्या दोघी पाहत होत्या तोवर दोन अडतीस झाले, समरी तशीच उघडी होती आणि गोळीपुढे रेघ होती.